घडीवरची पांढरी रेघ

"हा कागद खिशात घालून दाखव," उपाध्येबाई म्हणाल्या.

माझ्या पंजाबी ड्रेसला खिसा नव्हता. बाईंनी मशीनवरच्या तातोबांना हाक मारली. तातोबा शाईचे हात चिंधीला पुसत आले. बाईंनी दिलेलं जाड, चकचकीत कार्ड त्यांनी दोनदा दुमडून सदऱ्याच्या खिशात कोंबलं आणि हात काढून घेतला. कार्ड हळूहळू उलगडत वर आलं आणि खिशाबाहेर डोकावत राहिलं. तातोबा हसले. मला काही हसू आलं नाही.

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कोल्हापुरात कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून कुपवाडला मगदूमसाहेबांच्या कारखान्यात नोकरीला लागले होते. कारखाना पाठीवरच्या फवारणी पंपांचा. पंपांवरची अक्षरं, खोक्यांवरची चित्रं, पेपरातल्या जाहिराती हे सगळं मी करायचं. आमच्या घरात नोकरी करणारी मी पहिलीच मुलगी. वडिलांनी सहा महिन्यांची परवानगी दिली होती, तीही आईनं लावून धरल्यावर. सहा महिन्यांत काही वेडंवाकडं कानावर आलं तर नोकरी सोडायची आणि स्थळं बघायला लागायचं, असं ठरलं होतं. त्यातले चार महिने झाले होते.

कऱ्हाडच्या कृषी प्रदर्शनात आमचा स्टॉल लागणार होता आणि त्यासाठी माहितीपत्रक हवं होतं. माझं पहिलं मोठं काम. साहेबांचे वडील, ज्यांना सगळे थोरले आण्णा म्हणत, त्याच उन्हाळ्यात गेले होते. कारखान्यातला पहिला पंप त्यांनीच गोठ्यात बसून, पितळी घागरीला नळी जोडून तयार केला होता. त्यांचा पंप पाठीवर घेतलेला, भुईमुगाच्या रानातला एक जुना फोटो साहेबांनी स्वतः घरून आणून माझ्या हातात दिला. म्हणाले, हा मोठा लाव. मी तीन घड्यांच्या माहितीपत्रकात आतल्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत तो फोटो पसरला आणि भोवती गडद हिरवा रंग भरला. सपाट, न दुमडलेलं प्रूफ साहेबांनी बराच वेळ हातात धरून पाहिलं. मग नुसतं "चांगलं झालंय" म्हणून उठून गेले. मला आकाश ठेंगणं झालं.

छपाईचं काम सांगलीत उपाध्येबाईंकडे. गणपती पेठेमागच्या एका बोळात त्यांचं प्रेस होतं. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यावर बाईंनी ते हातात घेतलं होतं, आणि मगदूमांचं सगळं काम सतरा वर्षं त्यांच्याकडेच होतं. बाई पन्नाशीच्या, उंच, सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बोलणं थोडं. प्रूफांच्या निमित्तानं मी तिथे तासन्‌तास बसायचे आणि न विचारताच घरचं सगळं सांगून टाकायचे. बाई ऐकता ऐकता कागद मोजत असायच्या.

तर त्या दिवशी कागद ठरवायचा होता. मी मनात आधीच ठरवून गेले होते. आदल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं प्रदर्शनात जाड, आरशासारख्या चकचकीत कार्डावर पत्रक वाटलं होतं. त्याची एक प्रत कारखान्यात माझ्या खणात होती. मला तसंच हवं होतं, त्याहून जाड. अडीचशे जीएसएमचं आर्ट कार्ड; जीएसएमचा आकडा जितका मोठा तितका कागद जड. हातात घेतल्याबरोबर वजन कळलं पाहिजे.

बाईंनी मला समजवायचा पुष्कळ प्रयत्न केला. तातोबांच्या खिशाचं तर झालंच. मग त्यांनी बॉलपेन दिलं आणि कार्डावर माझं नाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, नाव फरफटत गेलं. शेतकरी स्टॉलवर येतो तेव्हा कागदावर काहीतरी लिहून मागतो, त्या म्हणाल्या, कुठला नोझल, किती पाण्याला किती औषध, दुकानाचा फोन नंबर. मग त्यांनी एकशे तीसचा मॅट कागद पुढे केला. चमक नसलेला, पण रंग नीट धरणारा. त्यावर पेन चालत होतं, तो तातोबांच्या खिशातही गुपचूप बसला.

मी म्हणाले, हलका वाटतो.

शेवटी त्यांनी रद्दीतून गडद रंग छापलेला जाड कार्डाचा एक तुकडा काढला, माझ्यासमोर धरला आणि दुमडला. घडीवर रंग तडकला. आतला पांढरा कागद रेघ ओढल्यासारखा दिसायला लागला.

"तुझा सगळा हिरवा रंग घड्यांवरून जातो," बाई म्हणाल्या. "कागदालाही कापडासारखा उभा-आडवा असतो. आडव्या अंगानं घडी आली की जाड कार्ड असं फुटतं. हेच पाहिजे असेल तर घडीच्या जागी आधी दाबून रेघ पाडून घेऊ. त्याला दोन दिवस जास्त लागतील."

दोन दिवस नव्हते. हिरव्याची छटा तीनदा बदलून ते मीच घालवले होते. आणि एवढीशी पांढरी रेघ कुणाला दिसणार, असंही वाटलं. खरं सांगायचं तर त्याहून जास्त हे वाटलं की ही म्हातारी बाई मला माझं काम शिकवते आहे. मी डिप्लोमावाली.

"साहेबांनीच सांगितलंय," मी म्हणाले. "कागद हाच पाहिजे म्हणाले."

साहेब असं काही म्हणाले नव्हते. साहेबांचं वाक्य होतं, "कागदाचं बाईंना विचार, त्या सांगतील तो घे."

बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं. टेबलावर फोन होता. त्यांचा हात त्याच्याजवळच होता.

"साहेबांनी?" त्या म्हणाल्या. "बरं."

आणि त्यांनी ऑर्डर लिहून घेतली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी टेम्पोतून गठ्ठे आले. साहेब स्वतः जुळणीच्या शेडमध्ये येऊन उभे राहिले, सुतळी कापली आणि वरचं पत्रक उचलून उघडलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कौतुकाची वाट बघत. मग मी पत्रकाकडे पाहिलं.

घडी बरोबर थोरल्या आण्णांच्या चेहऱ्यावरून गेली होती. सपाट प्रूफात ते कळलंच नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत रंग तडकून पांढरी, खरबरीत रेघ उमटली होती. एक डोळा त्या रेघेत गेला होता. साहेबांनी दुसरं पत्रक उघडलं, तिसरं उघडलं. सगळ्यांचं तेच. चौथं त्यांनी उघडलं नाही. बोटानं वडिलांच्या चेहऱ्यावरची रेघ पुसल्यासारखी केली, तर रंगाचा आणखी एक टवका निघाला.

त्यांनी बाईंना फोन करून बोलावून घेतलं. बाई रिक्षानं आल्या. तोवर सांगून टाकायला वेळ होता, मी सांगितलं नाही. शेडमधली माणसं मान खाली घालून काम करत होती.

साहेबांनी पत्रक बाईंच्या हातात दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "हा कागद कुणी ठरवला?"

बाईंनी पत्रक उघडून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रस्ता ओलांडायच्या आधी आपण पाहतो ना, तसं. "मी" एवढंच म्हणायचं होतं.

"माझी चूक आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "मला कळायला हवं होतं."

साहेब मग जे बोलले ते मी पूर्ण लिहिणार नाही. आवाज चढवला नाही, पण शब्द लागणारे होते. वडिलांचा फोटो विश्वासानं दिला होता म्हणाले. वय झालं असेल तर प्रेस बंद करा म्हणाले. हे शेवटचं काम, यापुढे आपला संबंध नाही म्हणाले. शेडमध्ये पंधरा-वीस माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. बाईंनी मान हलवली. गठ्ठे परत टेम्पोत घालायला सांगितले. जाताना साहेबांना म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत काहीतरी देते, स्टॉल रिकामा राहणार नाही.

माझ्याजवळून जाताना त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तातोबा एस्टीनं कऱ्हाडला आले. त्यांच्यासोबत दोन गठ्ठे होते. साधा मॅपलिथो कागद, शाळेच्या वहीचा असतो तसा, फक्त काळी शाई, घडी नाही. एका बाजूला थोरल्या आण्णांचा फोटो, लहान, पण स्वच्छ. चेहरा अखंड. दुसऱ्या बाजूला पिकांचा आणि औषधांच्या प्रमाणाचा तक्ता, आणि खाली चार रेघा मोकळ्या सोडलेल्या. त्यांच्यावर "नोंद" असं छापलं होतं. ते माझ्या मांडणीत नव्हतं.

साहेबांनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि स्टॉलवर ठेवायला सांगितलं.

हिरव्या पत्रकांच्या पन्नासेक प्रती मी आदल्या दिवशी बाजूला काढून आणल्या होत्या. माझ्या मनात अजून होतं की लोकांना तीच आवडतील. घडीवर रेघ असली तरी असू दे. साहेब जेवायला गेले की मी त्याही वाटायचे. लोक हौसेनं घ्यायचे. मग मी पाहत राहिले की ते हातातल्या प्रतीचं काय करतात. एक म्हातारा थोडं पुढे जाऊन गवतावर ती पसरून तिच्यावर बसला. दोन बायका वारा घ्यायला लागल्या. एकानं तिच्यावर भजी ठेवली. कुणीच ती खिशात घातली नाही, कारण ती खिशात जातच नव्हती.

आणि ते काळं-पांढरं पान लोक चार घड्या करून बंडीच्या खिशात ठेवत होते. काही जण टोपीच्या घडीत. वाळव्याकडचा एक द्राक्षबागायतदार अर्धा तास माझ्यासमोर उभा राहिला. भुरी रोगाला कुठला नोझल, दाब किती ठेवायचा, सगळं विचारलं आणि प्रत्येक गोष्ट त्या मोकळ्या रेघांवर माझ्याकडून लिहून घेतली. लिहून झाल्यावर त्यानं पान वाचून पाहिलं, नीट घडी घातली आणि म्हणाला, "ताई, हे पान मी शेडात लावणार बघा."

मी उरलेली हिरवी पत्रकं पिशवीत घालून टेबलाखाली सरकवली.

तीन दिवसांनी सांगलीला परत आल्याबरोबर मी बाईंच्या प्रेसवर गेले. बाई प्रूफाच्या कागदांत डोकं घालून बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. साहेबांनी कागद सांगितलाच नव्हता, मी खोटं बोलले, आणि शेडमध्ये तोंड उघडलं नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बस."

मी बसले.

"सतरा वर्षांत मगदूमांनी एकदाही मला कागदाचं नाव सांगितलेलं नाही. त्यांना आर्ट पेपर आणि पत्रावळ यातला फरक कळत नाही. तू बोललीस तेव्हाच मला कळलं होतं."

"मग तुम्ही छापलंत का?"

बाईंनी प्रूफावरचं पेन बाजूला ठेवलं.

"फोनवर हात होता माझा. एक फोन केला असता तर मिटलं असतं. पण मी फोन केला असता तर तू मालकाच्या नावावर खोटं बोललीस हे त्यांना कळलं असतं. तुझे चार महिने झाले होते. वाटलं, कार्ड फुटेल थोडंसं, फुटू दे, पोरगी शिकेल. घडी चेहऱ्यावर येते हे मी बघितलंच नाही. बघायला हवं होतं. म्हणून माझी चूक म्हणाले. ते काही खोटं नव्हतं."

मी रडायला लागले. बाईंना रडणं आवडत नसावं, त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिथूनच बोलल्या.

"माझ्याकडून मगदूमांचं काम गेलं, दुसरं कुणाचं येईल. लोक चार दिवस बोलतील. तुझी नोकरी अशी गेली असती तर तुझ्या वडिलांनी तुला परत उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतं. तुझ्या मागून येणाऱ्या दोघी बहिणींनाही नाही. आता घरी जा. आणि साहेबांना यातलं काही सांगू नकोस, उगीच माझं बोलणं वाया जाईल."

मी घरी गेले. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आईनं विचारलं, मी डोकं दुखतंय म्हणाले. तिसऱ्या दिवशी सोमवार होता. मी कारखान्यात गेले आणि पर्ससुद्धा खाली न ठेवता साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. कागदाचं सोडलं तर बाईंचं ऐकलं नाही असं ते एकदाच.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कागद कोणी सुचवला होता, कोणी नाकारला, खिसा, पेन, तडकलेला तुकडा, त्यांच्या नावानं केलेली थाप, सगळं. माझं बोलून झालं तरी ते टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील उद्यापासून येऊ नकोस. मी तयारीनंच आले होते.

"त्या दिवशी मी त्यांना काय काय बोललो," ते म्हणाले, "तू ऐकलंस ना सगळं?"

"हो."

"चल."

त्यांनी जीप स्वतः काढली. कुपवाडहून थेट गणपती पेठ गाठली. बोळाच्या तोंडाशी जीप लावून ते पुढे आणि मी मागे असे आम्ही प्रेसमध्ये शिरलो. मशीन चालू होतं. साहेबांना बघून तातोबांनी ते बंद केलं. साहेब साठीला आलेले, पंचक्रोशीत मान असलेले गृहस्थ. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, चारचौघांत बोललो होतो," ते म्हणाले. "म्हणून तातोबांच्या समोरच सांगतो. चुकलो मी. माझ्या शेडमध्येही येऊन सांगायला पाहिजे असेल तर तुम्ही म्हणाल तेव्हा सगळ्यांना गोळा करतो."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, चांगलंच रागानं. मग साहेबांना खुर्ची दिली. शेडमध्ये वगैरे काही नको म्हणाल्या. चहा सांगितला. चहा येईपर्यंत दोघं थोरल्या आण्णांबद्दल बोलत राहिले. पहिल्या पंपाचं पत्रक छापायला ते याच प्रेसवर आले होते, बाईंच्या सासऱ्यांकडे, आणि मोबदल्यात भुईमुगाच्या शेंगांचं पोतं ठेवून गेले होते. साहेबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

उठताना साहेबांनी विचारलं, "हिचं काय करू, तुम्ही सांगा."

मी दाराला टेकून उभी होते.

"खोटं बोलली हे वाईटच," बाई म्हणाल्या. "पण आपण होऊन सांगायला आली. मी तर सांगू नकोस म्हणाले होते. ठेवा तिला. फक्त दर शनिवारी दुपारनंतर माझ्याकडे पाठवा. चित्रं तिला काढता येतात. कागद शिकू दे."

तशी मी दर शनिवारी जात राहिले. सहा महिने नाही, पाच वर्षं. वडिलांच्या कानावर काहीच वेडंवाकडं गेलं नाही. गेलं ते एवढंच, की मगदूमांच्या पंपांचं पान शेतकऱ्यांच्या घरोघर भिंतीला लागलेलं दिसतं. माझ्या मागून दोघी बहिणीही नोकरीला लागल्या, एक बँकेत, एक शाळेत. बाईंकडे मी हाताच्या बोटांनी जीएसएम ओळखायला शिकले, कागद दोन्ही अंगांनी फाडून त्याचा उभा-आडवा बघायला शिकले. मुख्य म्हणजे कोणतंही काम घेताना आधी विचारायला शिकले की हा कागद शेवटी कोणाच्या हातात जाणार आहे आणि तो माणूस त्याचं काय करणार आहे. पुढे लग्न होऊन मी पुण्याला आले, स्वतःचं काम सुरू केलं. आज माझ्याकडे लोक मोठमोठ्या कंपन्यांची कामं घेऊन येतात आणि कागदाबाबत मी म्हणेन ते ऐकतात.

बाईंनी दोन हजार चौदाला प्रेस बंद केलं. शेवटचं काम मगदूमांचंच होतं. मी मुद्दाम सांगलीला गेले होते. साडी घेऊन गेले होते, आणि बोलायचं म्हणून पुष्कळ ठरवून गेले होते. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे पाहिलंत आणि माझ्याऐवजी बोललात, त्यावर माझं आणि आमच्या घरातल्या तिघींचं आयुष्य उभं आहे, असं काहीतरी. निम्मंच बोलून झालं आणि पुढचं मला बोलता येईना.

बाईंनी साडी ठेवून घेतली. कापड बोटांत धरून पाहिलं, सवयीनं.

"उपकारबिपकार मनात धरून बसू नकोस," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच विसरले."

त्या विसरल्या असतील. मी धरून बसले आहे, आणि मला ते सोडायचं नाही.